मांसासाठीचे गिनीपिग आणि उष्ण प्रदेशातलं गवत: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

पूर्व काँगोतल्या दक्षिण किवू प्रांतात मी काही वर्षं चारापिकांवर काम केलं. तिथे कितीतरी घरांत मांसासाठी गिनीपिग पाळतात. परत आल्यापासून मला प्रश्न येत राहिले. नोकरीनिमित्त टांझानियात आणि काँगोत असलेली मराठी माणसं विचारतात, पशुवैद्यकचे विद्यार्थी विचारतात, इकडचे ससेपालक विचारतात आणि घरी हौसेने गिनीपिग पाळणारेही विचारतात. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गिनीपिग खातात? कुठे, आणि का?

पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोर आणि दक्षिण कोलंबियाच्या डोंगराळ भागात हजारो वर्षांपासून खातात. हा प्राणी माणसाळला तोच तिथे. त्याच्या आवाजावरून तिथे त्याला 'कुय' म्हणतात. पेरूतल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराने १८ व्या शतकात रंगवलेलं येशूच्या अखेरच्या भोजनाचं चित्र आहे. त्यात मधल्या ताटात भाजलेला कुय दिसतो.

आफ्रिकेत तो कॅमेरून, पूर्व काँगो, टांझानिया या देशांत पाळला जातो. स्वाहिलीत त्याला 'सिंबिलिसी' म्हणतात. किवूत तो वाढण्यामागे मोठं दुःख आहे. तिथल्या युद्धात सशस्त्र टोळ्यांनी गायी-शेळ्या लुटून नेल्या. गिनीपिग मात्र खाटेखाली लपतो आणि गाव सोडून पळायची वेळ आली तर टोपलीत घालून नेता येतो. शिवाय तो बहुधा घरातल्या बाईच्या किंवा मुलांच्या मालकीचा असतो. दोन विकले की वह्या येतात, एक कापला की लेकरांच्या ताटात मांस येतं. म्हणून त्याच्या चाऱ्याचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

२. महाराष्ट्रात हा व्यवसाय सुरू करू का?

नको. मांस म्हणून कोणते प्राणी विकता येतात हे आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत ठरलेलं आहे. शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, मासे, पाळीव ससा यांची नावं त्यात आहेत, गिनीपिगचं नाही. खाणारं गिऱ्हाईकही नाही. 'पिल्लं घ्या, वाढवा, आम्हीच परत खरेदी करू' असं सांगणारा कुणी आला तर इमूपालनात आपल्या शेतकऱ्यांचं काय झालं ते आठवा आणि त्याला दारातूनच परत पाठवा.

३. गिनी गवत हे गिनीपिगचंच गवत का?

नावापुरतं साम्य आहे. गिनी गवत मूळ आफ्रिकेतलं. गुलामांच्या व्यापाराच्या काळात ते जहाजांबरोबर अमेरिका खंडात पोहोचलं. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तो १६ व्या शतकात युरोपात आणि पुढे आफ्रिकेत गेला. फ्रेंचमध्ये तर त्याला 'भारताचं डुक्कर' म्हणतात, कारण युरोपीय लोक अमेरिकेलाच 'इंडीज' म्हणत होते. आज कॅमेरूनमधल्या आणि किवूतल्या पिंजऱ्यांत आफ्रिकेचं गवत आणि अमेरिकेचा प्राणी एकत्र आले आहेत, आणि दोघांचं जमतंही बरं.

४. नुसत्या गवतावर गिनीपिग वाढतो का?

जगतो, पण वाढायला फार वेळ घेतो. वाढत्या पिल्लाला चाऱ्याच्या कोरड्या भागात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. उष्ण प्रदेशातल्या चांगल्या गवतात, वेळेवर कापलं तर, ८ ते १० टक्के मिळतात. उशिरा कापलं तर ५ ते ६.

कमतरता फक्त प्रथिनांचीच नाही. उन्हाळी देशांतल्या गवताच्या पानात शिरा दाट असतात आणि प्रत्येक शिरेभोवती जाड भिंतीच्या पेशींचं वेष्टण असतं. गाय तेच गवत रवंथ करून पुन्हा पुन्हा दळते. गिनीपिग रवंथ करत नाही. त्याचं आंबवण्याचं काम पोटाच्या शेवटच्या टप्प्यात, मोठ्या आंधळ्या आतड्यात चालतं. तिथे जंतूंनी तयार केलेली प्रथिनं वाया जाऊ नयेत म्हणून तो स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो. हे पाहून अनेकजण घाबरतात आणि जाळीची जमीन करू का असं विचारतात. लेंडी खाणं हा आजार नाही, ते त्याच्या पचनाचाच भाग आहे.

नुसत्या गवतावर स्थानिक आफ्रिकी जनावर दिवसाला २ ते ४ ग्रॅमने वाढतं. पेरूतल्या सुधारित जाती लसूणघास आणि खुराकावर दोन-अडीच महिन्यांत किलोच्या आसपास जातात. हा सगळा फरक चाऱ्याचा नाही, वंशाचाही आहे. त्यामुळे पेरूतले आकडे वाचून आपल्या जनावरांना नावं ठेवू नका. गवताला कशाची जोड द्यायची ते प्रश्न १० मध्ये आहे.

५. सगळ्यांत चांगलं गवत कोणतं? नक्की जात सांगा.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो. मी उलटा प्रश्न विचारते: कापलं कधी?

४५ दिवसांचं साधं नेपियर हे १०० दिवसांच्या कोणत्याही सुधारित वाणापेक्षा चांगलं. नेपियर, म्हणजे आपलं हत्ती गवत, माणसाच्या डोक्यावर गेलं की शेतकऱ्याला भारा मोठा दिसतो आणि समाधान वाटतं. पण त्या भाऱ्यात निम्म्याहून जास्त दांडे असतात. गिनीपिग पानं ओरबाडतो आणि दांडा तसाच टाकतो. किवूत मी बायकांना भारा वजन करायला लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उरलेलं पुन्हा तोलायला लावायचे. मी काही बोलायची गरज पडायची नाही. पुढच्या वेळी गवत कंबरेएवढं असतानाच कापलेलं असायचं.

ऊबदार पावसाळी हवेत ४० ते ५० दिवसांनी आणि थंड डोंगरावर ६० दिवसांच्या आसपास कापावं. बुडाशी १० ते १५ सेंटिमीटर ठेवावं म्हणजे फुटवा जोरात येतो. सगळं रान एकदम कापू नका. आठवड्याचा एक तुकडा पाडला की रोज कोवळं मिळतं.

तरीही निवड हवीच असेल तर माझं मत असं. गिनी गवत पहिल्या पसंतीचं, पानं मऊ आणि दांडे बारीक. नेपियर उत्पन्नाला सगळ्यांच्या वर, पण कापणीची शिस्त हवी. ब्रॅकियारिया ठीक. ग्वाटेमाला गवत जाडंभरडं असतं आणि गुणाने कमी, मात्र कोरड्या दिवसांत हिरवं राहतं, म्हणून बांधावर असू द्यावं. सेटारिया कोवळेपणी आवडीने खातात, त्याबद्दलची अडचण प्रश्न १९ मध्ये. पॅरा गवत पाणथळ जागेत येतं, ते कापण्याआधी प्रश्न १६ वाचा. आपल्या ओळखीची हराळी उत्तम, फक्त ती भारेच्या भारे मिळत नाही.

६. एका जनावराला रोज किती चारा?

हिरवा चारा वजनाच्या सुमारे ३० टक्के. पाऊण किलोच्या मादीला २०० ते २५० ग्रॅम. गाभण आणि पाजणाऱ्या मादीला जास्त. त्यातलं काही तुडवलं जातं आणि दांडे उरतात, म्हणून टाकताना थोडं वाढवून टाका. दिवसातून दोनदा द्यावं आणि मोठा वाटा संध्याकाळी, कारण ते रात्रीही खात असतात. रात्री रिकामा पिंजरा ही मला अनेक घरांत दिसलेली चूक आहे.

७. त्यासाठी जमीन किती लागेल?

दहा माद्या, एक नर आणि त्यांची वाढती पिल्लं मिळून दिवसाला साधारण ४ किलो खातात. वर्षाचे दीड टन. नासधूस धरून दोन टन. डोंगरउतारावर फारशा खताशिवाय नेपियर हेक्टरी ८० टन निघालं असं धरलं तर अडीच गुंठे पुरतात. किवूत एवढी जमीनही अनेकींकडे नव्हती. त्या बांधावर आणि उतारावर आडव्या ओळींनी गवत लावायच्या. त्याने मातीही धरून राहते.

८. कुट्टी करून द्यावं की अख्खं?

कोवळं गवत अख्खंच. जून नेपियरचे दांडे उभे चिरून हातभर तुकडे केले तर आतला गाभा खातात. अगदी बारीक कुट्टी करू नका. ती तुडवली जाते, लवकर तापते. शिवाय लांब, चरचरीत गवत चावणं दातांना आवश्यक आहे, कारण गिनीपिगचे वीसही दात, पुढचे आणि दाढा दोन्ही, जन्मभर वाढत राहतात. झिजले नाहीत तर वाकडे होतात, जीभ अडकते आणि समोर चारा असूनही जनावर उपाशी मरतं.

जुडी जमिनीवर टाकण्यापेक्षा जनावराच्या तोंडाच्या उंचीवर बांबूच्या गव्हाणीत अडकवा. नासधूस लक्षात येईल इतकी कमी होते.

९. पावसात कापलेलं ओलं गवत तसंच दिलं तर चालेल?

नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका संध्याकाळी पाऊस सुरू असताना गिनी गवताचे भारे आणून मी शेडच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवले. सकाळी ढिगात हात घातला तेव्हा आत ऊब लागत होती. वास किंचित आंबूस होता. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तेच वाटलं. दुपारपर्यंत पोटं टमटमीत फुगली आणि दोन दिवसांत १४ जनावरं गेली. ती माझी नव्हती, एका विधवा बाईची होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

ओलं गवत सावलीत, ओट्यावर किंवा मांडवावर पातळ पसरा. तीन-चार तासांत वरचं पाणी जातं आणि पान किंचित मलूल होतं. मग द्या. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले पाळणारेही ओला चारा असाच सुकवून घेतात. कडक उन्हात मात्र वाळवू नका, कारण प्रश्न ११ मध्ये आहे. ढिगात ऊब लागली, तर ते गवत खतात टाका. 'थोडं देऊन बघू' असं करू नका.

१०. गवतासोबत द्विदल चारा कोणता आणि किती?

वजनाने एक तृतीयांशच्या आसपास. हिशेब साधा आहे: ९ टक्के प्रथिनांचं गवत ७० भाग आणि १८ टक्क्यांचा द्विदल चारा ३० भाग मिळून पावणेबारा टक्के होतात. माद्यांची तब्येत टिकते, पिल्लं बऱ्यापैकी वाढतात. पूर्ण गरज यानेही भागत नाही. वाढत्या पिल्लांना रोज १५ ते २० ग्रॅम गव्हाचा कोंडा किंवा पेंड मिसळलेला खुराक मिळाला तर उत्तमच, पण ज्या घरात माणसांनाच पीठ पुरत नाही तिथे मी हा सल्ला देत नाही.

किवूत आणि कॅमेरूनमध्ये डेस्मोडियम नावाचा वेल गवताच्या ओळींमध्ये चांगला येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. रताळ्याचे वेल द्विदल नसले तरी गुणाने जवळचे आहेत. गिनीपिग ते हावऱ्यासारखे खातात, आणि कंद माणसांसाठी उरतो. तुती मिळाली तर सोडू नका. इक्वाडोरच्या उष्ण सखल भागात जास्वंदीचा आणि पांगाऱ्याच्या जातीतल्या झाडांचा पाला देतात. लसूणघास सर्वोत्तम, पण उष्ण दमट हवेत ती तग धरत नाही.

सुबाभळीबाबत सावध राहा. पाल्यात २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, पण मिमोसिन नावाचं द्रव्यही असतं. काही ठिकाणच्या गायी-शेळ्यांच्या पोटात ते निष्प्रभ करणारे जंतू असतात. गिनीपिगला त्यांचा आधार नाही. जास्त झालं की केस झडतात आणि वाढ खुंटते. चाऱ्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नका.

११. क जीवनसत्त्वाचं एवढं काय? गायीला तर कुणी देत नाही.

गाय ते स्वतःच्या शरीरात तयार करते, शेळी करते, ससाही करतो. गिनीपिग करू शकत नाही, आणि माणूसही नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांना होतो तसा स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट त्यातून मोकळी झाली.

दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम लागतं, गाभण मादीला ३० पर्यंत. शरीरात साठा होत नाही. दोन-तीन आठवडे मिळालं नाही की सांधे सुजतात, जनावर हलायचं टाळतं, उचललं की किंचाळतं, हिरड्यांतून रक्त येतं, गाभण मादी गाभडते. अनेकजण याला 'पाय गेले' किंवा 'थंडी लागली' म्हणतात आणि भलतंच औषध करतात.

पोटभर ताजा हिरवा चारा असेल तर वेगळं काही द्यावं लागत नाही. म्हणून उष्ण प्रदेशातल्या गवताचं खरं मोल त्याच्या प्रथिनांपेक्षा त्याच्या ताजेपणात आहे. सकाळी कापलेलं संध्याकाळपर्यंत संपवा. कडक उन्हात पसरलं की हे जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होतं. चारा कमी पडला तर पेरू या फळाची एक फोड रोजची गरज भागवते. पाण्यात गोळी विरघळवून ठेवण्यावर माझा भरवसा नाही, ती काही तासांत निकामी होते.

१२. वाळलेलं गवत किंवा मुरघास ठेवता येईल का?

जोड म्हणून, एकमेव चारा म्हणून नाही. वाळलेल्या गवताने पोट भरतं, दात झिजतात, पण क जीवनसत्त्व मिळत नाही. सोबत रोज मूठभर तरी ताजा पाला हवाच. मुरघास काही जनावरं खातात, काही तोंड फिरवतात. बुरशीचा ठिपका दिसला तर देऊ नका. लहान कळपासाठी खड्डा उघडला की मुरघास संपेपर्यंत खराब होतो, त्यामुळे मी कुणाला हा खटाटोप करायला सांगत नाही.

१३. हिरवा चारा असताना पाणी ठेवायची गरज आहे का?

जुनी पद्धत न ठेवण्याची आहे, आणि रसदार गवत भरपूर असेल तर मोठी जनावरं त्यावर निभावतात. तरी ठेवा. गवत जून झालं, हवा तापली किंवा मादी पाजत असेल तर गवतातलं पाणी पुरत नाही. पाणी नसलेल्या पिंजऱ्यात माद्या स्वतःची पिल्लं कुरतडल्याचं मी पाहिलं आहे. मातीचं जड भांडं वापरा, हलकं असेल तर ते उलथवतात.

१४. कोरड्या महिन्यांत गवत संपतं. तेव्हा काय?

तयारी पावसाळ्यातच करावी लागते. कुंपणाला तुती, कॅलियांड्रा, जास्वंद लावलेली असेल तर पाला मिळतो. बांधावर ग्वाटेमाला गवत. केळीची पानं आणि साली दोन महिने निभावून नेतात, पण त्यात प्रथिनं अगदी कमी. उसाच्या भागात वाढे मिळतात. ती निव्वळ पोटभरीची आहेत, त्यावर गाभण माद्या ठेवू नका. कळप कमी करणं हाही मार्ग आहे. कोरड्या दिवसांच्या तोंडाशी वाढलेले नर विकून टाका आणि उरलेला चारा माद्यांना द्या.

१५. कोणता पाला जीवघेणा ठरतो?

गवताच्या भाऱ्यातून चुकून येणारी घाणेरी पहिली. मग एरंड, कण्हेर, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला. पूर्व आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत अंगणात ॲव्होकाडो असतो, त्याची पानं हृदयावर घाव घालतात, म्हणून पिंजरा त्या झाडाखाली नको. कसाव्याची ताजी पानं आणि ज्वारीची कोवळी ताटं यांत सायनाइडचा धोका आहे. आपल्याकडे जनावराला किराळ लागणं म्हणतात ते हेच. कसाव्याचा पाला चिरून पूर्ण वाळवला की धोका बराच कमी होतो. तरी तो मुख्य चारा नव्हे.

गवतावर औषध फवारलं आहे का, हे रस्त्याकडेचं किंवा दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरचं कापताना विचाराच. एवढ्याशा देहाला थोडं विषही पुरतं.

१६. ओढ्याकाठचं, दलदलीतलं गवत हिरवंगार असतं. ते का नको?

तिथे गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातल्या पर्णकृमीची बीजं गवताच्या बुडाला चिकटतात. मेंढरांना होतो तोच रोग गिनीपिगला होतो, आणि लहान यकृतात दोन-चार कृमीही भारी पडतात. पेरूच्या डोंगरात हे नुकसान जुनं आहे. दुसरा चारा नसेल तर पाण्याच्या पातळीपासून बरंच वर कापा, फक्त शेंडे घ्या.

याच्याइतकाच मोठा धोका उंदरांचा. साल्मोनेला हा जंतू गिनीपिगचा सगळ्यांत मोठा मारेकरी. रात्री भाऱ्यावर उंदीर लेंड्या टाकून गेले की आठवड्यात अर्धा कळप जाऊ शकतो. चारा टांगून किंवा झाकून ठेवा.

१७. गळ्याखाली गाठ आली आहे. गवताचा संबंध असेल?

बहुधा आहे. राठ, काटेरी किंवा कुसळं आलेलं गवत तोंडात खरचटतं. त्या जखमेतून जंतू शिरतात, मानेच्या गाठी सुजून पू धरतो. फुललेलं कुसळी गवत देऊ नका, ते डोळ्यातही घुसतं. गाठ आलेलं जनावर वेगळं ठेवा. ती फुटली की पू चाऱ्यावर सांडून इतरांना लागण होते.

१८. हगवण लागली. घरात शेळ्यांचं प्रतिजैविक आहे, ते देऊ?

कृपा करून देऊ नका. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधं गिनीपिगच्या आंधळ्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. मग घातक जंतू माजतात, विष तयार करतात आणि जनावर काही दिवसांत दगावतं. हगवणीने वाचलं असतं ते औषधाने जातं. आधी कालच्या चाऱ्यात काय बदललं ते आठवा (प्रश्न ९ आणि २० पाहा), हिरवं कमी करून स्वच्छ वाळलेलं गवत आणि पाणी द्या, पशुवैद्याला प्राणी कोणता आहे हे आवर्जून सांगा.

१९. कोवळ्या नेपियर आणि सेटारियात ऑक्झलेट जास्त असतं ना? मग कोवळं कापा कसं म्हणता?

बरोबर पकडलंत. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि ते कोवळ्या पानातच जास्त असतं. सेटारियावर पोसलेल्या घोड्यांचे जबडे यामुळे सुजतात. पण मांसासाठीचं जनावर चार-सहा महिन्यांत कापलं जातं, तेवढ्या काळात प्रथिनांची उपासमार त्याला जास्त मारते. म्हणून सल्ला कोवळ्याचाच, फक्त एकट्या सेटारियावर कळप ठेवू नका. दोन-तीन गवतं आलटूनपालटून द्या, द्विदल चाऱ्यातून कॅल्शियमही येतं. माद्या मात्र दोन-तीन वर्षं राहतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

घरी हौसेने पाळणाऱ्यांसाठी हिशेब उलटा आहे. तुमचा गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगणार. त्याला मुतखड्याचा धोका खरा आहे. त्याला हराळी किंवा ऱ्होड्स गवत हा रोजचा चारा ठेवा, आणि जी लसूणघास मांसाच्या पिल्लाला अमृत आहे ती तुमच्या प्रौढ जनावराला क्वचितच. मूत्र थोडं पांढरट, खडूसारखं दिसणं त्यांच्यात नेहमीचं असतं. रक्त दिसलं किंवा लघवी करताना ओरडलं तर डॉक्टर गाठा.

२०. नवीन गवत लावलं, पण माद्या तोंडही लावत नाहीत. गवत खराब आहे का?

गवत नव्हे, सवय. गिनीपिगची चव जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत ठरते. पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस घेऊनच जन्मतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईच्या ताटातलं कुरतडायला लागतात. तेव्हा जे मिळालं ते त्यांचं अन्न. मोठेपणी अनोळखी चारा समोर आला तर काहीजण उपाशी राहतात, आणि एका दिवसाचा उपासही त्यांच्या आतड्याला झेपत नाही. आठ-दहा दिवसांत, थोडं थोडं वाढवत बदला. आणि पिल्लांच्या वयात चार-पाच प्रकारचा मऊ पाला ओळखीचा करून द्या, पुढच्या कोरड्या हंगामात त्याचा उपयोग होतो.

२१. आमच्याकडे गवत बारमाही आहे, पण उकाडा फार. चालेल?

किवूच्या डोंगरातली गावं १५०० मीटर किंवा त्याहून उंचावर आहेत, अँडीजमधली आणखी उंच. थंड हवेचा हा प्राणी १८ ते २४ अंशांत खूश असतो. तिशीच्या पुढे तो खाणं कमी करतो, म्हणजे समोर कितीही चांगला चारा असला तरी वाढ थांबते. आणखी तापलं की भरलेल्या गाभण माद्या आधी जातात. सखल, उष्ण भागात गवताआधी छपराचा विचार करा: जाड शाकारणी, दोन्ही बाजूंनी वारा, खाली गार जमीन. चारा पहाटे आणि रात्री द्या. घाम येत नसल्याने त्याला स्वतःला थंड करण्याचे मार्ग फार थोडे आहेत.

२२. मी ससे पाळतो. यातलं किती मला लागू पडतं?

कापणीचं वय, ओल्या गवताची काळजी, दात, कुसळं, उंदीर, औषधाचा धोका हे जवळपास सगळं. क जीवनसत्त्वाची चिंता सशाला नाही. उलट दिशेने जाताना मात्र चूक होते. सशाच्या तयार गोळ्या गिनीपिगला घालणारे खूप भेटतात, त्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं, आणि महिन्याभरात प्रश्न ११ मधली सगळी लक्षणं दिसायला लागतात. दोन्ही प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवू नका. सशाची एक लाथ गिनीपिगची बरगडी मोडायला पुरेशी असते.